आशाताईंच्या जोडीला दहा जण : गावातला आरोग्य स्वयंसेवकांचा गट कसा चालवायचा

हजार लोकवस्तीला एक आशा (गावातलीच आरोग्य कार्यकर्ती), हे प्रमाण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ठरले. हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण पंधरा बाळंतपणे धरा. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडे पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, म्हणजे नव्वद. त्याच मुलांकडे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच, म्हणजे पंचाहत्तर. त्यात गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाची बोलावणी, क्षयरोगाच्या गोळ्या, तापाचे सर्वेक्षण आणि मोबाईलवर भरायची माहिती मिळवा. हे सगळे एक बाई ‘मानसेवी’ म्हणून, कामागणिक मोबदल्यावर करते. तिच्या हातून सुटतात ते दोन भेटींमधले दिवस, रात्रीची वेळ आणि लांबची वस्ती. स्वयंसेवकांच्या गटाने एवढ्याच तीन जागा धराव्यात.

गावातली माणसे शिकवून तयार करता येतात, याबद्दल महाराष्ट्रात तरी शंका घ्यायला जागा नाही. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत बंग या डॉक्टर दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच स्त्रियांना शिकवले. आज आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचा पाया तिथे घातला गेला. दोन्हीकडे शिकवणे वर्षानुवर्षे चालू राहिले. एका दिवसाचे प्रशिक्षण आणि ओळखपत्र यावर उभे केलेले गट टिकत नाहीत.

आधी बोलणी, मग माणसे

पहिली बैठक आशाताईंशी घ्या, तीही ग्रामपंचायतीत न घेता त्यांच्या घरी. ‘ताई, तुमच्याकडून काय सुटतं?’ एवढेच विचारा आणि ऐका. मोबदल्याचा विषय आपणच काढायचा. नवजात बाळाच्या भेटींचा ठरावीक मोबदला त्यांना भेटींचा फॉर्म पूर्ण झाल्यावरच मिळतो. गट आला की आपले काम जाणार, पैसे जाणार, ही त्यांची भीती रास्त आहे. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाका : स्वयंसेवकाची भेट सरकारी फॉर्मवर चढत नाही, आशाताईंची भेट आशाताईच देतात आणि कोणतेही श्रेय किंवा पैसा गटाच्या नावे मागितला जात नाही. हे न बोलता पुढे गेलेले गट दोन महिन्यांत आशाताईंचे प्रतिस्पर्धी ठरतात आणि मग गावात दोन तट पडतात.

त्यानंतर उपकेंद्रातल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना भेटा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत विषय मांडून इतिवृत्तात नोंद करून घ्या. ही समिती जवळपास प्रत्येक गावात कागदावर असतेच. तिच्याकडे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित (एकाच कामाला न बांधलेला) निधी येतो आणि रात्रीच्या वाहनाचा डिझेलखर्च त्यातून मागता येतो.

माणसे निवडताना वीस-पंचवीस घरांमागे एक धरा. हजार वस्तीला आठ ते दहा जण पुरतात. निम्म्याहून अधिक बायका असाव्यात, कारण ओल्या बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जाणार नाही आणि जाऊही नये. प्रत्येक वाडी-पाड्यावरचा माणूस त्याच वाडीतला हवा. गावठाणातला उत्साही तरुण पावसाळ्यात ओढ्यापलीकडे जात नाही. निदान एकाकडे चारचाकी आणि रात्री दोनला दार उघडायची तयारी असावी. उमेदवार म्हणून उभे राहणार असलेल्यांना निवडणुकीच्या वर्षात बाहेर ठेवा, मग ते कितीही चांगले असोत.

यादी

भेटी सुरू करण्याआधी घरोघर फिरून पाच याद्या कराव्या लागतात : गरोदर स्त्रिया (अपेक्षित तारखेसह), दोन वर्षांखालची मुले, रोज गोळ्या घेणारे (क्षयरोग, रक्तदाब, साखर, मिरगी), एकटे राहणारे वृद्ध आणि बाहेरगावी जाणारी कुटुंबे. आशाताईंची नोंदवही समोर ठेवून ताडून पाहा. जी नावे तिच्यात सापडत नाहीत, तिथेच तुमचे काम असते.

ही न सापडणारी नावे बहुतेक दोन प्रकारची असतात. एक, माहेरी आलेल्या लेकी. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत, आणि नोंद मात्र सासरच्या गावची. सासरच्या आशाताई म्हणतात, ती माहेरी गेली. माहेरच्या आशाताईंना बाळ आल्याचे पाचवीच्या दिवशी कळते. तोवर पहिली, सगळ्यांत मोलाची भेट हुकलेली असते. सातवा महिना लागला की ‘बाळंतपण कुठे?’ हे विचारून ठेवा आणि दोन्ही गावच्या आशाताईंना एकमेकींचा फोन नंबर द्या. दुसरे, ऊसतोड आणि वीटभट्टीची कुटुंबे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात. निघण्याआधी माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाईच्याच हाती द्या, मुकादमाच्या नाही. कारखाना कोणता, गाव कोणते, मुकादमाचा नंबर काय, एवढे लिहून घ्या आणि पुढची लस कोणत्या तारखेला ते कार्डावर ठळक करा.

पिशवीत काय असावे

सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा फोनमधला टायमर, काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर, दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, एक लिटरची खूण केलेली बाटली, ओआरएसची सहा पाकिटे, साबण, विजेरी, वही आणि फोन नंबरांचे जाड पुठ्ठ्यावरचे कार्ड. दंडाची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आशाताईंना कळवायचे. ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम, अंगणवाडीत नाव जायला हवे. पट्टी ओढून आवळली की घेर कमी येतो, सैल सोडली की जास्त. डावा हात सरळ लोंबता ठेवून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, कातडीला नुसती टेकेल अशी धरावी.

रक्तदाबाचे आणि साखर मोजायचे यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये, असे आमचे मत आहे. आकडा आला की माणूस लगेच ‘मग गोळी कोणती?’ विचारतो आणि त्याचे उत्तर स्वयंसेवकाकडे नसते. प्रतिजैविके, सुया आणि सलाईन तर पिशवीच्या आसपासही नकोत.

नवजात बाळाची भेट

दवाखान्यात जन्म झाला असेल तर आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी झाला असेल तर पहिल्या दिवशी एक जास्त. स्वयंसेविकेने मधल्या दिवशी डोकावावे, म्हणजे पाचव्या आणि दहाव्या. वजन कमी असेल, अडीच किलोखाली, तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड.

घरात शिरल्यावर आधी साबणाने हात धुवा, कोपरापर्यंत, आणि हवेवर वाळू द्या. पदराला पुसले तर धुतल्याचा उपयोग गेला. मग बाळाला हात न लावता आईशी बोला. काल दिवसा-रात्री मिळून किती वेळा पाजले? आठच्या खाली असेल तर खोलात जा. लघवी किती वेळा? पहिला आठवडा सरता सरता दिवसाला सहा वेळा तरी व्हायला हवी.

श्वास सगळ्यात आधी मोजायचा, बाळ झोपलेले किंवा शांत असताना. थर्मामीटर लावला की ते रडते आणि मग मोजणी फुकट जाते. पोटावरचे दुपटे हळूच वर करा. नजर बेंबीच्या वरच्या भागावर ठेवा. पोट वर आले आणि खाली गेले, हा एक. पूर्ण एक मिनिट मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करायचा मोह होतो, पण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते पाच-सात भराभर घेते, क्षणभर थांबते, पुन्हा घेते. अर्ध्या मिनिटात नेमका भरभरचा तुकडा सापडला तर उगाच घबराट होते, थांबलेला सापडला तर आजार निसटतो.

मोजताना आकडा चुकत असेल तर उजव्या हाताशी चिंचोके ठेवा आणि दर दहा श्वासांना एक सरकवा. सहा सरकले की साठ. निरक्षर दायांसाठी गडचिरोलीत मण्यांचे श्वासमापक याच कल्पनेवर बनवले होते. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास साठ किंवा जास्त आला तर थांबून पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर बाळ पाठवायचे. दोन महिने ते एक वर्ष : पन्नास किंवा जास्त. एक ते पाच वर्षे : चाळीस किंवा जास्त. खोकला-सर्दीच्या मुलात हे आकडे न्यूमोनियाची शंका दाखवतात. खालच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जात असतील तर आकड्याची वाटच पाहू नका.

मग तापमान. टोक काखेच्या खळग्यात, बाळाचा दंड अंगाशी धरून, ‘बीप’ होईपर्यंत. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, ठीक. त्याखाली गेले तर बाळाचे कपडे काढून (टोपी आणि लंगोट ठेवून) आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे, वरून दोघांना गोधडी. तासाभराने पुन्हा मोजा. ३५.५ च्या खाली असेल तर तासही थांबू नका, तशाच छातीशी धरलेल्या स्थितीत गाडीत बसवा. महाराष्ट्रात उन्हाळ्यातही बाळे थंड पडतात, कारण जन्मल्याबरोबर आंघोळ घातली जाते. पहिले चोवीस तास आंघोळ नको. कमी वजनाच्या बाळाला निदान आठवडाभर नको.

पुढचे एक जरी दिसले तरी रुग्णालय : दूध ओढणे बंद, झटके, चुळबुळ न करणे, अंग तापलेले किंवा थंडगार, तळहात-तळपाय पिवळे, पहिल्याच दिवशी आलेली कावीळ, बेंबीतून पू किंवा भोवतीची कातडी लाल, अंगावर दहा किंवा जास्त पुवाचे फोड. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य इथे चालत नाही. नवजात बाळ काही तासांत खालावते.

आईकडे बघायचे राहून जाते. सगळी खोली बाळाभोवती जमलेली आणि बाळंतीण भिंतीकडे तोंड करून. तासाभरात कापडाची घडी पूर्ण भिजावी इतका रक्तस्राव, ताप, अंगावरून जाण्याला घाण वास, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ही तिची धोक्याची लक्षणे.

सासूबाईंशी वाद घालू नका. चीक काढून टाकणे, मध चाटवणे, गुटी उगाळणे, बेंबीवर राख किंवा तेल, खोलीत धुरी, हे सगळे त्यांच्या मनाने काळजीपोटीच चाललेले असते. एका भेटीत एकच गोष्ट मागा आणि सगळ्यात घातक असेल ती आधी. पोटफुगीवर चटके देण्याची चाल (मेळघाटात याला डंबा म्हणतात) असेल तर पहिली मागणी तीच थांबवण्याची. श्वास मोजायला शक्यतो आजीलाच बसवा. एकदा चिंचोके सरकवायला शिकलेली आजी पुढच्या बाळाच्या वेळी स्वतःहून निरोप पाठवते.

जुलाब आणि ओआरएस

सोपे वाटते म्हणून इथेच जास्त चुका होतात. सरकारी पाकीट एक लिटरचे असते, दुकानात २०० मिलिलिटरचेही मिळते. आधी पाकिटावरचा आकडा वाचा. घरात हमखास दिसणारी चूक म्हणजे लिटरच्या पाकिटातली चमचाभर पूड पेल्यात टाकून उरलेले पाकीट डब्यात ठेवणे. पूड हवेतले पाणी ओढून घेते, गुठळ्या होतात, आणि चमच्यात मीठ किती, साखर किती याचा मेळ राहत नाही. दाट झाले तर जुलाब वाढतात, पातळ झाले तर उपयोग कमी. पूर्ण पाकीट, पूर्ण एक लिटर प्यायचे पाणी, आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यायचे. चव घेऊन बघा : अश्रूंपेक्षा खारट लागले तर पाणी कमी पडले आहे.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धी वाटी, वाटी २०० मिलिलिटरची धरून. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धी ते एक वाटी. चमच्याने, सावकाश. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचे दूध चालूच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. ‘सपाट’ शब्दावर जोर द्या, शिगोशीग चमचा मिठाचे प्रमाण दुप्पट करतो.

झिंकची गोळी आशाताईंकडून, पूर्ण चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्या फडताळात जातात. म्हणून चौथ्या आणि दहाव्या दिवशी जाऊन गोळ्यांचा पत्ता बघायचा. किती रिकाम्या जागा आहेत ते मोजा, ‘देताय ना?’ असे विचारले की सगळेच हो म्हणतात. डोळे खोल गेलेले, पोटाची चिमटी हळू मागे जाणे, पाणी पिण्याइतकीही शुद्ध नसणे, शौचात रक्त, यांपैकी काही असेल तर दवाखाना, आणि वाटेत ओआरएस चालू.

रात्री पाठवणे

१०८ तातडीच्या रुग्णासाठी, १०२ माता-बाळांसाठी. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग आजार : तालुका, गाव, फाटा, वाटेतली ठळक खूण. रुग्णाचे वय आणि एक ओळ. गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन लिहून घ्या. मग एकाला विजेरी देऊन फाट्यावर उभे करा. गाडीचा वेळ फाट्यापासून घरापर्यंतच्या वाटेत सगळ्यात जास्त जातो, कारण रात्री घर सापडत नाही. ती पोचेपर्यंत लागणारा वेळ आणि गावातली गाडी काढून जायला लागणारा वेळ, यांत कमी कोणता ते तिथल्या तिथे ठरवा. कार्डावर गावातल्या तीन गाड्यांचे नंबर हवेत, एक नाही.

कुठे न्यायचे हे आधीच विचारून ठेवलेले असावे. खालावलेल्या नवजात बाळाला नवजात शिशू अतिदक्षता कक्ष लागतो, तो जिल्हा किंवा मोठ्या उपजिल्हा रुग्णालयात असतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केलात तर ते पुढे कळवून ठेवतात. सर्पदंशाचेही तसेच. सर्पदंशाची लस (प्रतिविष) कोणत्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे ते दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन करून कार्डावर लिहा. चावा कापू नका, आवळून बांधू नका. अवयव फळीला हलकेच बांधून न हलवता, चावल्याची वेळ लिहून निघा.

सोबत माता-बाल कार्ड, आधार, चालू गोळ्यांची पाकिटे, दोन लुगडी, थोडे पैसे आणि एक जाणती बाई. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी भेट : कोणती औषधे दिली, कधी घ्यायची, पुन्हा कधी बोलावले. डिस्चार्ज कार्ड वाचून घरच्यांना मराठीत सांगणे हे काम क्षुल्लक दिसते, पण फेरतपासणी चुकण्याचे प्रमाण त्यानेच खाली येते.

बाकीची कामे, थोडक्यात

क्षयरोगात उपचार सहसा सहा महिन्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढते आणि गोळ्या सुटतात. त्या दोन महिन्यांत भेटी वाढवा. पोषणासाठीचे महिना एक हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पर्यंत पाचशे होते) खात्यात येतात का ते बघा. अडकले असतील तर बहुतेक वेळा बँक खात्याच्या तपशिलात चूक असते.

डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. जिथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, तिथे ‘भांडी रिकामी करा’ सांगणारा माणूस हास्यास्पद ठरतो. त्या गावांत पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, रांजणाच्या आतल्या कडा घासायच्या (अंडी तिथे चिकटलेली असतात), तेच पाणी परत भरायचे आणि कापड बांधायचे. मोठ्या टाकीत गप्पी मासे.

वही, गुप्तता आणि महिन्याची बैठक

वहीत पाच रकाने पुरतात : तारीख, घर क्रमांक, काय पाहिले, कोणाला कळवले, पुढे काय झाले. पाचवा रकाना रिकामा राहिला की भेट अपुरी समजा. नावाऐवजी घर क्रमांक लिहा. व्हॉट्सअॅप गटात रुग्णाचे नाव, फोटो, रिपोर्ट काहीही जाणार नाही, ‘गाडी हवी, घर २३’ एवढेच. क्षयरोग, एचआयव्ही किंवा गर्भपाताची गोष्ट एकदा चावडीवर गेली की त्या घराचे दार सगळ्या गटाला बंद होते. अशी गळती करणाऱ्याला दुसरी संधी देऊ नये.

गट साधारण चौथ्या महिन्यात ढिला पडतो. नवेपणा संपतो, आणि मग आरोग्य शिबिर घेऊ, बॅनर लावू, अशा कल्पना निघतात. शिबिराला हरकत नाही, पण त्यात दिवस जातात आणि दहाव्या दिवसाची बाळाची भेट राहते. याच सुमारास एखादा स्वयंसेवक ‘डॉक्टर’ होऊ लागतो : कोणाला गोळी सुचवतो, कोणाला सलाईन लावून आणतो. अशक्तपणा वाटला की सलाईन ही गावाची मागणीच असते आणि नाही म्हणणाऱ्यापेक्षा हो म्हणणारा लोकप्रिय होतो. त्याला बैठकीत सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, आणि ऐकले नाही तर पिशवी परत घ्या.

बैठक महिन्यातून एकदाच, तासाभराची, अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो त्या दिवशी, म्हणजे सिस्टर आणि आशाताई दोघी तिथेच भेटतात. त्या महिन्यात उशिरा पोचलेली प्रत्येक केस घ्या. उशीर कुठे झाला : घरच्यांनी ठरवण्यात, वाटेत, की रुग्णालयात गेल्यावर? घड्याळातल्या वेळा लिहा. घरी तीन तास गेले असतील तर त्या घराचा निर्णय कोण घेते ते शोधा, वाटेत गेले असतील तर गाड्यांची यादी बदला, रुग्णालयात गेले असतील तर तारीख-वेळेसह लेखी अर्ज समितीमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे. निघण्यापूर्वी सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघा : थर्मामीटरचा सेल, ओआरएसची मुदत, विजेरी, आणि कार्डावरचा प्रत्येक नंबर तिथल्या तिथे लावून.